नदीवरचे नवे धरण: पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास आणि पर्यावरण मंजुरी यांचा क्रम

धरणाच्या प्रस्तावात पाण्याच्या गुणवत्तेचे प्रकरण बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, घाईत लिहिले जाते. नदीचे चार नमुने, त्यांचा एक तक्ता आणि खाली ‘सर्व मूल्ये मर्यादेत आढळली’ हे वाक्य. तक्ता खरा असला तरी तो वाहत्या नदीचा असतो. मंजुरी मागायची असते ती साठलेल्या पाण्यासाठी. नदीत जे खत आणि सांडपाणी वाहून जाते ते जलाशयात थांबते, आणि तिथे त्याचे शेवाळ होते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येते. तिथली जलपर्णी आणि हिरवे पाणी सगळ्यांनी पाहिले आहे.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या सिंचन धरणासाठी आहे. प्रकल्प विभागातले अभियंते, अहवाल लिहिणारे सल्लागार आणि बुडीत क्षेत्रातली गावे, तिघांनाही तो वापरता येईल.

## १. आधी प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो ते ठरवा

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकन, अधिसूचनेच्या अनुसूचीत नदीखोरे प्रकल्प १(सी) या नोंदीत येतात. ऑगस्ट २०१८ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे असे:

- ५० मेगावॅट किंवा अधिक जलविद्युत, अथवा ५०,००० हेक्टर किंवा अधिक लागवडयोग्य लाभक्षेत्र: ‘अ’ वर्ग, निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा.
- २५ ते ५० मेगावॅटच्या आत, अथवा २,००० ते ५०,००० हेक्टरच्या आत: ‘ब’ वर्ग, निर्णय राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाचा.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा अधिसूचित संवेदनशील क्षेत्र ५ किलोमीटरच्या आत असेल तर ‘ब’ वर्गाचा प्रकल्पही केंद्राकडे जातो. सह्याद्रीतल्या धरणांनी हे अंतर नकाशावर बुडीत क्षेत्राच्या काठापासून मोजावे. भिंतीपासून मोजले तर फुगवट्याचे, म्हणजे नदीत वरच्या अंगाला पसरणाऱ्या साठ्याचे, शेपूट कुठवर जाते ते सुटते आणि वर्ग चुकतो.

ही नोंद जलविद्युत आणि सिंचनाची आहे. निव्वळ पिण्याच्या पाण्याच्या धरणाचा तिच्यात उल्लेख नाही. मात्र वनजमीन, अभयारण्य, भूसंपादन यांच्या स्वतंत्र परवानग्या तशाच लागतात, आणि गुणवत्तेचा अभ्यास अशा धरणाला तर सर्वांत जास्त लागतो.

इशारा: एकाच योजनेचे टप्पे पाडून प्रत्येकाचे लाभक्षेत्र २,००० हेक्टरच्या खाली दाखवू नका. पुढे अपिलात हे उघड होते आणि तोवर मातीकाम झालेले असते.

## २. कामाचे वर्ष पावसाळ्यावरून आखा

नदीखोरे प्रकल्पांच्या टीओआरमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या कार्यकक्षेत, तीन ऋतूंचे नमुने मागतात: पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. टीओआरचा अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर होतो. तो मे महिन्यात केला, तर टीओआर हाती येईतो पावसाळा अर्धा सरतो. हुकलेला पावसाळा परत मिळत नाही, प्रकल्प एक वर्ष मागे पडतो. म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करा, म्हणजे एप्रिल-मेचा पहिला ऋतू सापडेल.

तीन ऋतूंचे तीन नमुने ही किमान अट झाली. साठ्याचा अंदाज बांधायचा तर महिन्याला एक असे १२ नमुने आणि पुराचे ३-४ जादा नमुने घ्या. शिवाय हे चार दिवस दिनदर्शिकेवर आधीच मांडून ठेवा:

1. पहिला मोठा वळीव किंवा मृगाचा पहिला लोंढा. उन्हाळाभर नाल्यांत साचलेली घाण याच पाण्यात येते.
2. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वरच्या अंगाला कारखाना असेल तर जानेवारीचा नमुना चुकवू नका.
3. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढण्याचा दिवस. मागे कुजलेले पाणी एकदम खाली येते.
4. वरच्या धरणातून आवर्तन सुटण्याच्या आधीचा आणि नंतरचा दिवस.

पायाभूत माहिती मंजुरीच्या अर्जाच्या वेळी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. भूसंपादनात दोन वर्षे जातील असे दिसत असेल तर नमुने आधी संपवून ठेवू नका.

## ३. स्थानके पूर्ण संचय पातळीच्या रेषेवर निवडा

नकाशावर पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या पातळीची, समतल रेषा काढा आणि ती नदीला व प्रत्येक ओढ्याला जिथे छेदते तिथे खूण करा. उद्या पाणी जलाशयात शिरेल ते याच दारांतून.

- मुख्य नदीवर, फुगवट्याच्या शेपटाच्या वर: १
- प्रत्येक मोठ्या ओढ्या-नाल्यावर, रेषेच्या वर: प्रत्येकी १
- धरणस्थळी: १
- धरणाच्या खाली साधारण १ किलोमीटरवर आणि पुन्हा ५ ते १० किलोमीटरवर, पुढच्या बंधाऱ्याच्या आधी: २
- काठावरच्या आणि लाभक्षेत्रातल्या विहिरी: किमान ६
- नदीपात्रातला गाळ, फॉस्फरस व जड धातूंसाठी: ३ ठिकाणी

नेहमी दिसणारी चूक म्हणजे गाडी जाते तिथे, पुलाखाली, सगळी स्थानके घेणे. नाला नदीला मिळतो तिथून पन्नास मीटर खाली घेतलेला नमुना नदीचाही नसतो आणि नाल्याचाही नसतो, पाणी अजून मिसळलेलेच नसते. नाल्याचा नमुना संगमाआधी नाल्यातच घ्या. पुलावरून बादली सोडायची तर पुलाच्या वरच्या, म्हणजे पाणी येते त्या बाजूने सोडा.

तपासणी: प्रत्येक स्थानकावर त्याच वेळी प्रवाह मोजता येईल का? येत नसेल तर स्थानक हलवा. प्रवाहाशिवाय घेतलेली संहती, म्हणजे लिटरमागचे प्रमाण, पुढच्या हिशोबात कामाला येत नाही.

## ४. नमुना घेणे: बाटल्या, औषधे, वेळ

मध्यप्रवाहात, पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर खाली, तोंड प्रवाहाकडे करून बाटली भरा. पाण्यात उतरलात तर पायाने ढवळलेला गाळ मागे जाऊ द्या.

- विरघळलेला प्राणवायू: ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, आत बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड जागेवरच घाला.
- बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो प्राणवायू): काहीही घालायचे नाही. ४ अंश सेल्सियसला, अंधारात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत.
- एकूण फॉस्फरस, अमोनिया, सीओडी (घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू): सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली.
- विरघळलेला फॉस्फेट: ०.४५ मायक्रॉन गाळणीतून जागेवरच गाळा. या बाटलीत आम्ल घालू नका.
- धातू: नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली.
- कोलिफॉर्म जीवाणू: निर्जंतुक बाटली, वर थोडी हवा राहू द्या, बर्फात ठेवा आणि शक्यतो ८ तासांत चाचणीला लावा.
- कीटकनाशके: गडद काचेची बाटली. नदीच्या पाण्याने विसळायची नाही.

प्राणवायूबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. हिरवट डोहात दुपारी दोनला मोजलात तर शेवाळाने सोडलेला प्राणवायू मिळून आकडा ९-१० दिसतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढते, आणि मासे पहाटे मरतात. म्हणून निदान एप्रिल-मेमध्ये प्रत्येक स्थानकावर सूर्योदयाआधी एक आणि दुपारी एक असे दोन वाचन घ्या. दोन्हींत ३-४ मिलिग्रॅमचा फरक पडत असेल तर नदीत पोषकद्रव्ये भरपूर आहेत, मग फॉस्फेटचा आकडा कितीही कमी दिसो. तो कमी दिसतो कारण शेवाळाने ते खाल्लेले असते.

## ५. प्रयोगशाळेचा अहवाल न तपासता जोडू नका

प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताप्राप्त हवी, आणि मान्यतेच्या यादीत तुमचा प्रत्येक घटक हवा. मान्यता घटकागणिक असते. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना आणि फेरीगणिक एक कोरा, म्हणजे शुद्ध पाण्याचा, नमुना पाठवा. मग अहवाल हातात घेऊन हे जुळवून पाहा:

- सीओडी बीओडीपेक्षा जास्त असायलाच हवा.
- एकूण फॉस्फरस विरघळलेल्या फॉस्फेटपेक्षा कमी असू शकत नाही, दोन्ही फॉस्फरस म्हणून मोजलेले असतील तर.
- एकूण कोलिफॉर्म विष्ठाजन्य कोलिफॉर्मपेक्षा कमी असू शकत नाही.
- विरघळलेले घन पदार्थ भागिले विद्युतवाहकता हे प्रमाण साधारण ०.५५ ते ०.७५ मध्ये यावे.
- धन आणि ऋण आयनांची बेरीज १० टक्क्यांच्या आत जुळावी.

यातले एक जरी बिघडले तर तो नमुना पुन्हा करा. मंजुरीआधी अहवाल तपासणाऱ्या मूल्यमापन समितीतला जाणकार सदस्य याच गोष्टी पाहतो.

यानंतर वर्ग लावायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरनिहाय वर्गांत, नेहमीची प्रक्रिया करून पिण्यासाठी वापरायच्या पाण्याचा ‘क’ वर्ग असा आहे: प्राणवायू किमान ४, बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये कमाल ५,०००, पीएच ६ ते ९. सिंचनाच्या ‘इ’ वर्गात विद्युतवाहकता कमाल २,२५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, सोडियम शोषण गुणोत्तर २६ आणि बोरॉन २ मिलिग्रॅम.

इथे तीन घोळ होतात. या वर्गांतला बीओडी ५ दिवस, २० अंशांवरचा आहे, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळा आयएस ३०२५ प्रमाणे ३ दिवस, २७ अंशांवर करतात. तक्त्यात पद्धत लिहा. दुसरे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अ-१ ते अ-४ वर्ग वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. तिसरे, मासे आणि वन्यजीवांच्या ‘ड’ वर्गातली १.२ मिलिग्रॅमची मर्यादा मुक्त अमोनियाची आहे, प्रयोगशाळा देते तो एकूण अमोनिया. ३० अंशांवर पीएच ७.५ असेल तर एकूणाच्या सुमारे अडीच टक्के अमोनिया मुक्त असतो, पीएच ८.५ ला तोच सुमारे २० टक्के होतो. शेवाळाच्या पाण्यात दुपारी पीएच चढतो, त्यामुळे हा हिशोब दुपारच्या पीएचने करा.

## ६. संहतीचा भार करा आणि भारावरून जलाशय मांडा

सगळ्या अभ्यासाचे मर्म या टप्प्यात आहे आणि बहुतेक अहवालांत नेमका हाच गाळलेला असतो.

समजा येवा, म्हणजे नदीतून येणारे पाणी, वर्षाला १२० दलघमी (दशलक्ष घनमीटर), साठा ६० दलघमी, बुडीत क्षेत्र ६ चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरी खोली १० मीटर आणि पाणी थांबण्याचा काळ अर्धे वर्ष. एकूण फॉस्फरस असा मिळाला:

- पावसाळा: ०.१६ मिलिग्रॅम प्रति लिटर, येवा १०२ दलघमी
- हिवाळा: ०.१०, येवा १४ दलघमी
- उन्हाळा: ०.०८, येवा ४ दलघमी

तीन आकड्यांची सरळ सरासरी ०.११३ येते आणि भार, म्हणजे वाहून येणारा एकूण फॉस्फरस, वर्षाला १३.६ टन दिसतो. येव्याचे वजन देऊन केला तर भार १८ टन आणि सरासरी ०.१५ येते. पाव हिस्सा भार केवळ सरासरीच्या चुकीने गायब झाला. दलघमी गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर केले की थेट टन मिळतात, म्हणून हा हिशोब कागदाच्या मागच्या बाजूलाही होतो.

आता व्होलेनवायडर सूत्र: जलाशयातला फॉस्फरस म्हणजे येव्यातला फॉस्फरस भागिले (१ अधिक थांबण्याच्या वर्षांचे वर्गमूळ). १५० भागिले १.७०७, म्हणजे सुमारे ८८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. सर्वमान्य पट्ट्यानुसार ३५ च्या वर जलाशय अतिपोषित, म्हणजे शेवाळाचा. तो ३५ वर आणायचा तर येव्याची सरासरी ६० मायक्रोग्रॅम हवी, म्हणजे भार १८ वरून ७.२ टनांवर यायला हवा. आराखड्यात लिहायचा आकडा हा १०.८ टनांचा: तो कोणत्या गावाच्या सांडपाणी प्रकल्पातून, कोणत्या नाल्यावरून, कोणाच्या पैशाने कमी होणार? ‘पाणलोट क्षेत्र उपचार केले जातील’ हे त्याचे उत्तर नव्हे.

सूत्राची मर्यादाही अहवालात मांडा. ते वर्षभर सारखा येवा आणि पूर्ण मिसळलेले पाणी धरते. आपल्याकडे येवा चार महिन्यांत येतो आणि बराच सांडव्यावरून जातो, शिवाय पुरातला बराच फॉस्फरस मातीला चिकटलेला असतो. म्हणून विरघळलेल्या फॉस्फेटचा हिशोब वेगळा करा आणि जानेवारी ते मे या थांबलेल्या पाण्याचे चित्र स्वतंत्र मांडा.

तपासणी: वरच्या शहराची आजची नव्हे, २०-२५ वर्षांनंतरची लोकसंख्या धरून हिशोब पुन्हा केला का?

## ७. निविदेआधी विमोचकाची पातळी ठरवा

खोल जलाशय उन्हाळ्याकडे दोन थरांत विभागतो. वरचे पाणी गरम आणि हलके, तळाचे थंड. तळाला प्राणवायू संपला की गाळातून लोह, मँगनीज, अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. एकच तळविमोचक, म्हणजे तळाशी पाणी सोडण्याचे दार, असेल तर एप्रिलच्या आवर्तनात हेच पाणी नदीत आणि नळयोजनेत जाते. मासे मरतात, नळाला तांबूस-काळे पाणी येते.

उपाय म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवर दारे असलेला विमोचक मनोरा, शक्यतो तीन पातळ्यांचा. नकाशा मंजूर होऊन निविदा निघाली की हा बदल जवळपास अशक्य होतो. म्हणून गुणवत्तेचा अंदाज संकल्पचित्र मंडळाकडे, म्हणजे धरणाची रचना ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, वेळेत गेला पाहिजे, आणि गेल्याचे पत्र अहवालाला जोडा.

पर्यावरणीय प्रवाहाचे, म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून धरणाखाली सोडायच्या पाण्याचे, प्रचलित निकष ९० टक्के विश्वासार्हतेच्या वर्षावर (दहापैकी नऊ वर्षांत निदान एवढे पाणी येते अशा वर्षावर) आहेत: कोरड्या महिन्यांत सरासरी येव्याच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के, मधल्या काळात २० ते ३० टक्के. यात कालव्याच्या आवर्तनाचे पाणी धरू नका. ते कालव्यात जाते, भिंतीखालची नदी कोरडीच राहते.

## ८. बुडीत क्षेत्राची साफसफाई आराखड्यात लिहा

पहिल्या भरण्याच्या आधी: झाडे तोडून बाहेर नेणे, उकिरडे आणि गोठ्यांचे शेण उचलणे, शौचालयांचे खड्डे उपसून चुना टाकून बुजवणे, खत-औषधांची दुकाने आणि डिझेलच्या टाक्या हलवणे, विहिरी बुजवणे, स्मशानाबाबत गावाशी ठरवणे. प्रत्येक बाबीची संख्या गावनिहाय मोजलेली हवी. तोडलेले लाकूड काठावर ठेवले तर पहिला पूर ते आत ओढतो.

## ९. जनसुनावणी

सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात सूचना लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक संस्था अशा ठिकाणी पाहायला मिळाला पाहिजे, सारांश मराठीत हवा. गणपूर्तीची अट नाही. इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवावे लागते आणि चित्रीकरण होते.

मराठी सारांशात ‘वापरनिहाय वर्ग क’ लिहून भागत नाही. ‘हे पाणी गाळून, निर्जंतुक करूनच पिता येईल’ असे लिहा. भिंतीखालच्या गावांनाही बोलवा. पाणी बिघडते ते त्यांचे, आणि बुडीत नसल्यामुळे तीच विसरली जातात.

गावांसाठी: प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. तीन प्रश्न पुरेत: पहाटेचा प्राणवायू कुठे मोजला, फॉस्फरसचा वार्षिक भार किती टन, विमोचक किती पातळ्यांवर?

## १०. मंजुरी, संमतीपत्रे आणि नंतरची मोजणी

सुनावणीतल्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर अंतिम अहवालात, खर्च आणि मुदतीसह जाते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीनुसार नदीखोरे प्रकल्पाची मंजुरी १३ वर्षे टिकते.

पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मिळाले असे नाही. खडीयंत्र, काँक्रीट मिश्रण संयंत्र, मजूर वसाहतीचे सांडपाणी यांची संमती वेगळी घ्यावी लागते, आणि ती कंत्राटदार यंत्रे उभी करण्याआधी हवी. मिश्रण संयंत्राचे धुण्याचे पाणी पीएच ११-१२ चे असते. निवळण टाकी आणि पीएच दुरुस्ती झाल्याशिवाय ते नाल्यात सोडू नका.

अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यासाठीची स्थानके तिसऱ्या टप्प्यातलीच ठेवा, नवी निवडलीत तर आधी-नंतरची तुलना होत नाही. भरल्यानंतर भिंतीजवळ सर्वांत खोल जागी एक उभे स्थानक जोडा. दर महिन्याला पृष्ठभागापासून तळापर्यंत दर २ मीटरला तापमान आणि प्राणवायू घ्या. फेब्रुवारीपासून हे वाचन विमोचकाच्या दारावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत त्याच दिवशी पोचले पाहिजे, कारण कोणत्या पातळीचे दार उघडायचे ते त्यावरून ठरते.